जवळचा नंबर: रेनॉक्स डीसीआर-१५०, सरडे आणि एक मिलिमीटर

माझा धंदा दातांचा. डॉक्टर नव्हे, डॉक्टर जे माप पाठवतात त्यावरून टोप्या, ब्रिज, कवळ्या बनवणारा टेक्निशियन. लॅब बडोद्याच्या रावपुऱ्यात, घर दांडिया बाजारात. अठ्ठावीस वर्षं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शासाठी बोलणी खाल्ली आहेत. त्यामुळे कोणी म्हणालं, ‘अहो, फोटोत डेप्थ फार कमी मिळते हो’, तर मी आधी विचारतो, कमी म्हणजे किती? आकडा सांगा.

डेप्थ म्हणजे फोटोत पुढून मागे जेवढी जाडी शार्प येते ती. हा रिव्ह्यू त्या आकड्याचा आहे. वस्तू एवढीशी: रेनॉक्स डीसीआर-१५०, लेन्सच्या तोंडावर चिमट्याने बसवायचं जपानी क्लोज-अप भिंग. डबी उघडली तर आत भिंग आणि दोन बाजूंना स्प्रिंगचे दट्टे असलेली प्लॅस्टिकची कडी, बस्स. पुढच्या तोंडाला ५२ ते ६७ मिलिमीटरचा फिल्टर बसणाऱ्या कोणत्याही लेन्सवर कडी बसते. मला साडेपाच हजारांच्या आतबाहेर पडलं. मागच्या दिवाळीपासून वापरतोय, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि थोडा पाऊस पाहून झालाय.

कॅमेरा कॅनन १५००डी, मुलीच्या लग्नाच्या वेळी घेतलेला. त्याच्याबरोबर ५५-२५० मिलिमीटरचा झूम आला होता. लग्न झालं, मुलगी पुण्याला गेली, कॅमेरा कपाटात गेला. मग आमच्या मागल्या चुन्याच्या भिंतीवर एक सरडा राहायला आला. लाल गळ्याचा नर, दुपारी अकराच्या उन्हात भिंतीवर दंड-बैठका मारायचा. त्याचा फोटो काढावा म्हटलं, तर तो झूम १.१ मीटरच्या आत फोकसच धरत नाही. मीटरभरावरून काढलेल्या फोटोत सरडा दिसतो, पण खवला दिसत नाही. आणि मला खवलाच बघायचा होता. धंद्याचा दोष, दुसरं काय.

खरी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठा फोटो काढण्यासाठीच बनवलेली, घ्यायची तर तिची किंमत माझ्या कॅमेऱ्याच्या वर जाते. ही सूचना मी घरात मांडलीही नाही.

शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने रेनॉक्सची दोन भिंगं काढली, १५० आणि २५०. फरक विचारला तर म्हणाला, ‘काका, जेटलो नंबर मोटो, एटलुं सारुं.’ नंबर मोठा तेवढं चांगलं! मी पण मुकाट २५० घेऊन आलो. चार दिवसांत परत गेलो तेव्हा त्याने बदलून दिलं, पण ‘बॉक्स खुली गयुं’ म्हणून सातशे रुपये कापून. ते सातशे मी भिंगाच्या नाही, माझ्या आळसाच्या खात्यात टाकले आहेत, कारण नंबर म्हणजे काय हे चाळिशी लागलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

नंबर म्हणजे चष्म्याचाच नंबर. माझा वाचायचा चष्मा +२ चा आहे. १५० हे +४.८ चं भिंग आहे आणि २५० हे +८ चं. हजाराला नंबराने भागा, अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. +४.८ म्हणजे २०८ मिलिमीटर. +८ म्हणजे १२५. मूळ लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी लांबच्या फोकसवर, लावून ठेवली की भिंगापासून तेवढ्याच अंतरावर फोकस बसतो. घरच्या भाषेत: १५० ची हद्द एक वीत, २५० ची जेमतेम अर्धी. किड्यामुंग्यांना अर्धी वीत चालते. सरड्याला नाही. अर्ध्या वितीवर कॅमेऱ्याचं काळं तोंड आलं की आमचा नर आधी मान वळवायचा, मग भिंतीच्या पलीकडे दिसेनासा व्हायचा. वितीवर मात्र तो थांबतो. सहन करतो म्हणा. म्हणून सरपटणाऱ्यांसाठी कोणी विचारलं तर मी १५० च सांगतो.

या भिंगाची एक गंमत मला वापरता वापरता कळली. झूम कितीही फिरवा, अंतर तेच राहतं. वितीवर बसलात की बसलात. ७० वर ठेवला तर अख्खं डोकं, २५० वर नेला तर नुसता डोळा. सरड्याला वाटतं हा म्हातारा हललाच नाही, आणि फ्रेम मात्र बदललेली असते. सत्तरच्या खाली गेलं की फोटोचे कोपरे काळे पडायला लागतात. लहान तोंडाचं भिंग मोठ्या तोंडावर बसवल्यावर ते होणारच. तसाही मी तिकडे जात नाही.

आता आकडा.

पहिल्या आठवड्यात मी सरड्याकडे गेलोच नाही. लॅबमध्ये रात्री स्टीलची सहा इंची पट्टी टेबलावर पंचेचाळीस अंशात टेकवली, शेजारी प्लास्टरचा एक वरचा जबडा ठेवला आणि वितीवरून फोटो काढत बसलो. लॅबमधला पोऱ्या म्हणाला, साहेब, हा पेशंट कोणता? पट्टीवर जेवढे मिलिमीटर शार्प दिसतील त्यांना ०.७ ने गुणायचं, की खरी खोली मिळते. पट्टी तिरकी आहे ना.

गणिताने जे येतं आणि पट्टीवर जे दिसलं ते फार लांब नव्हतं. एफ ११ वर (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक), झूम ७० ला: साडेतीन मिलिमीटरच्या वर थोडं, ज्वारीच्या दाण्याएवढं. झूम १०० ला: पावणेदोन-दोनच्या मध्ये, मोहरीचा दाणा. झूम २५० ला: ०.३ मिलिमीटर. नखसुद्धा याहून जाड असतं. दाढेच्या टोपीची कड याहून जास्त चुकली तर डॉक्टर परत पाठवतात, म्हणून हा आकडा मी ओळखतो.

प्लास्टरच्या जबड्यावर तर डोळ्यांदेखत दिसलं. सुळ्यावर फोकस, झूम शंभर: सुळा लख्ख, पुढचे चारही दात धुक्यात. पुढच्या दातांवर फोकस केला तर सुळा गेला. आणि हेच समोरून न काढता बाजूने, गालाच्या बाजूने काढलं, तर सुळा आणि मागच्या दोन दाढा एका ओळीत येऊन तिघेही स्वच्छ. तोच एफ ११, तेच भिंग, तीच वीत. बदलला फक्त कोन.

हे सगळं ज्या एका सूत्रावर चालतं ते मी पोऱ्यालाही पाठ करून घ्यायला लावलं: आकार दुप्पट केला की डेप्थ पाव होते. निम्मी नाही, पाव. लोक झूम वाढवत जातात आणि ‘थोडंसंच तर जवळ गेलो’ म्हणतात. थोडंसं नसतं ते. त्यापेक्षा झूम कमी ठेवून काढावं आणि नंतर कापून मोठं करावं. कापताना ब्लरही मोठा होतो, त्यामुळे मिळवलेली सगळी डेप्थ हातात राहत नाही, पण बऱ्यापैकी राहते. १५००डी मध्ये २४ मेगापिक्सेल आहेत. सरड्याच्या एका फोटोसाठी ते सगळे कुठे लागतात?

अपर्चरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण याबद्दल माझ्या एका डॉक्टरांशी माझा वाद झाला. ते तोंडातले फोटो काढायला १०० ची खरी मॅक्रो लेन्स आणि रिंग फ्लॅश वापरतात, एफ २२ लावून. त्यांचं म्हणणं, एफ १६ च्या पुढे फोटो मऊ पडतो, आणि सरड्यासाठी तू एफ ८ च्या पुढे जाऊ नकोस. पहिलं अर्धं बरोबर आहे. छिद्र बारीक केलं की डेप्थ वाढते, पण फार बारीक केलं की प्रकाशच पसरतो आणि सगळंच किंचित मऊ होतं. फक्त, मॅक्रो लेन्सवर लिहिलेला आकडा आणि जवळ गेल्यावर पडणारा आकडा एक नसतो. मूळ आकाराएवढा, म्हणजे एकास एक फोटो काढताना तिचा एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ सारखा वागतो. चिमट्याच्या भिंगात तसं होत नाही, कारण मूळ लेन्स अनंतावरच उभी असते. इथे एफ १६ म्हणजे एफ १६ च. त्यामुळे त्यांचा एफ ८ आणि माझा एफ १६, एकास एकला, डेप्थमध्येही सारखे आणि मऊपणातही सारखे: ०.६ मिलिमीटर. मी एफ १६ बिनदिक्कत लावतो. डॉक्टरांनी पट्टीचे फोटो पाहिले, ‘हं’ म्हणाले आणि विषय कवळीच्या बिलावर नेला.

त्यांची लेन्स मी एका रविवारी मागून आणली होती. खोटं कशाला बोलू, ती लेन्स चांगलीच आहे. ऑटोफोकस चालतो, फोटोच्या कडेपर्यंत सगळं करकरीत आणि लांबून सुरुवात करून थेट जवळ येता येतं. माझ्या भिंगात तसं नाही. चढवलं की दूरचं जग बंद. समोरून मोर गेला तरी काढता येत नाही, आधी चिमटा काढा. पण डेप्थ? डेप्थ तिच्यात एक केसभरही जास्त नाही. महाग लेन्स घेऊन डेप्थ वाढेल अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ते पैसे बँकेत ठेवावेत.

तर सरडा.

मोठ्या नराच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत साधारण एक सेंटिमीटर. डेप्थ मोहरीएवढी. म्हणजे तिरक्या कोनातून, ज्याला फोटोवाले पाऊण चेहरा म्हणतात, काढायला गेलात की एक डोळा शार्प, नाक गेलं, दुसरा डोळा गेला, गळ्याची लाली गेली. लग्नाच्या फोटोत नवरीला जो कोन शोभतो तोच सरड्याला सगळ्यात वाईट. दोनच कोन चालतात. एक बाजूने, कॅमेऱ्याची पाठ त्याच्या अंगाला समांतर धरून: नाक, डोळा, कान, मानेवरचे काटे सगळे एका पातळीत येतात आणि मोहरीत मावतात. दुसरा अगदी समोरून: दोन्ही डोळे सारख्या अंतरावर असल्याने दोन्ही शार्प, मधलं नाक मुद्दाम सोडून दिलेलं. हा दुसरा फोटो लोकांना फार आवडतो. मला पहिला.

समांतर धरणं बोलायला सोपं आहे. १५००डी चा पडदा वळत नाही, त्यामुळे सरडा जमिनीपासून एक फुटावर असेल तर मी जमिनीवर पालथा. कमाटी बागेत सकाळी साडेसहाला मेंदीच्या कुंपणाशी पालथा पडलेला छप्पन्न वर्षांचा माणूस पाहून चालायला आलेले दोघे धावत आले होते. एकाने नाडी बघितली.

साडेसहा ही वेळ मुद्दाम सांगतो आहे. सरडे रात्री काटक्यांवर, झुडपांच्या टोकांना झोपतात. थंडीत उन्हाआधी अंग गार असतं, हलत नाहीत. मोहरीएवढ्या डेप्थमध्ये समोरचा न हलणं ही अर्धी लढाई आहे. झोपलेल्याचा फोटो काढा, उठवू नका, काटकी वाकवू नका, चार-सहा फोटो झाले की चला. काही हुशार लोक सरडे पकडून फ्रीजमध्ये गार करून मग ‘निसर्गात’ ठेवतात असं ऐकतो. त्यांना माझ्याकडून कवळीसुद्धा मिळणार नाही.

फोकस हाताने. ऑटोफोकस या अंतरावर पुढे-मागे शोधत बसतो. लेन्स अनंतावर ठेवायची, श्वास सोडायचा आणि अंगच तांदूळभर पुढे न्यायचं, तांदूळभर मागे घ्यायचं. डोळ्यातला चमकणारा ठिपका टोकदार झाला की दाबायचं. दहात दोन लागतात. सुरुवातीला दहात शून्य लागायचे. स्टँड लावून पाहिला, पण स्टँड उघडेपर्यंत सरडा चहा पिऊन येतो.

अनेक फोटो जोडून डेप्थ वाढवायची एक पद्धत आहे, स्टॅकिंग. नाकावर एक, डोळ्यावर एक, मानेवर एक असे काढत जायचं आणि कॉम्प्युटर प्रत्येकातला शार्प भाग उचलून एक फोटो करतो. प्लास्टरच्या जबड्यावर झकास होतं. जबडा श्वास घेत नाही ना. सरड्याचा गळा सारखा खाली-वर होत असतो. नऊ फोटो जोडल्यावर आमच्या नराला तीन हनुवट्या आल्या. भाचीने तो फोटो घरच्या ग्रुपवर ‘मामाचा पासपोर्ट’ म्हणून टाकला.

उजेडाचं काय, हा पुढचा प्रश्न. एफ १६ लावलं की अंधार, म्हणून फ्लॅश हवाच. कॅमेऱ्याचा वर उघडणारा फ्लॅश वितीवरच्या सरड्यावर लेन्सची सावली पाडतो, अर्धा सरडा काळोखात. मी फरसाणाच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणाला लेन्सएवढं भोक पाडलं, आतून बटर पेपर चिकटवला आणि ते लेन्सवर चढवलं. फ्लॅश झाकणावर आपटतो आणि मऊ होऊन खाली येतो. झाकणाला भाकरवडीचा वास आहे, सरड्याची तक्रार नाही. डॉक्टरांचा रिंग फ्लॅशही लावून पाहिला. दातावर तो उत्तम, पण डोळ्यात पांढरं कडं उमटतं आणि सरडा भूत लागल्यासारखा दिसतो. सापसुरळीवर तर कुठलाच उघडा फ्लॅश नको: तिचे खवले तेल लावल्यासारखे चकाकतात, नुसते पांढरे डाग येतात. झाकण हवंच.

या सगळ्यात एक तुलना माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या शहरातून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, हे बाहेरच्यांना सांगितलं तर हसतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांमध्ये आल्या तेव्हा हसले नाहीत. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून, भिंग न लावता, तोच झूम २५० ला, एफ ८, सुमारे पंधरा मीटरवरच्या मगरीचा फोटो काढला. त्या अंतरावर डेप्थ येते एक मीटरच्या वर. शेजारी उभा असलेला एक जण ‘हमणां नीकळशे, हमणां नीकळशे’ म्हणत होता, आणि निघालीच: नाकपुड्या, डोळे, पाठीवरचे उंचवटे, सगळं एकाच फोटोत लख्ख. काही मेहनत नाही. घरी येऊन त्याच लेन्सवर चिमटा लावला, तोच एफ ८, समोर पाल: ०.२ मिलिमीटर. मगरीला मीटर आणि पालीला केस. सरपटणारा जेवढा छोटा तेवढा त्याचा फोटो काढणारा जास्त घाम गाळतो.

याच जागी एक गोष्ट स्पष्ट. वीतभर अंतराचं हे भिंग सापांसाठी नाही. घोणस, फुरसं, नाग, मण्यार यांच्यापासून वितीवर तोंड नेणं म्हणजे फोटोग्राफी नव्हे. बिनविषारी आहे असं ‘वाटतंय’ म्हणूनही नको. त्यांना लांबूनच झूमने काढावं, डेप्थही आपोआप मिळते. आणि कोणी पकडून धरलेल्या सापाचा फोटो काढूच नये. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि तो शोभेला नाही.

घोयऱ्या सरड्याचा, म्हणजे शॅमेलिऑनचा फोटो मात्र एकदाच मिळाला, पावागडच्या वाटेवर एका बाभळीत. तो तर मोहरीच्या डेप्थमध्येही पोज देतो, इतका सावकाश चालतो. घरी आल्यावर भाचीने सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. ती एम. एस. युनिव्हर्सिटीत झूलॉजी शिकते. ‘मामा, तो तुझ्यासारखाच आहे, फोकसवरून अंतर मोजतो.’ आपण दोन डोळ्यांच्या फरकाने अंतर ताडतो. घोयरा डोळ्याचं भिंग फोकस करायला किती जोर लागला त्यावरून किडा किती लांब आहे ते ठरवतो आणि तेवढीच जीभ फेकतो. १९७७ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या प्रयोगात त्याच्या डोळ्यांपुढे भिंगं बसवली होती, चष्माच म्हणा, तर जीभ चुकीच्या अंतरावर पडली. म्हणजे त्यालाही चुकीचा नंबर दिला की तो फसतो. मला माझे सातशे रुपये आठवले.

कोणी घ्यावं? ज्याच्याकडे झूम आधीच आहे आणि ज्याला डोकं, डोळा, खवले, पंजा काढायचा आहे त्याने. तीन भिंगं मिळून बनवलेलं असल्याने कडांना जांभळी-हिरवी झालर दिसत नाही, जी स्वस्तातल्या एकेरी क्लोज-अप फिल्टरवर दिसते. तसला एक संच माझ्याकडे पडून आहे, पोऱ्याला हवा तर न्यावा. फक्त १८-५५ लेन्स असणाऱ्याने घेऊ नये, तिच्यावर याचा अर्धाही उपयोग होत नाही. ज्याला फुलपाखरू, मोर, सरडा सगळं एका फेरीत हवं आहे त्यानेही नको, चिमटा काढ-घाल करून वैताग येईल. पाचात इतके तारे द्यायची पद्धत मला जमत नाही. मी दुसरं मागवलंय, मुलीच्या घरी ठेवायला. त्यावरून काय ते समजा.

आता पालीचं राहिलं. भाचीला माझे फोटो आवडतात, पण तिच्या कामाचे नसतात, ही माझी गेल्या तीन महिन्यांची खंत. मी पालीचे डोळे काढले: पापणी नाही, जिभेने पुसते, दिवसा बाहुली आकसून खाचदार उभी फट होते. एकेका डोळ्यासाठी शंभर-शंभर फोटो. भाची म्हणाली, ‘डोळा छान आहे मामा, पण पाल कोणती ते यावरून कसं सांगू? बोटांखालच्या पट्ट्या दाखव. त्या मोजायच्या असतात.’ बोटांखालच्या! म्हणजे पाल उलटी करायची? ‘हात नाही लावायचा,’ ती म्हणाली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केलं.

रात्री बाहेरच्या दिव्याला किडे येतात आणि काचेवर बाहेरून पाल चिकटते. मी आत, ती बाहेर, मध्ये काच. पोट, चारही पंजे, वीसच्या वीस बोटं, शेपटी, सगळं काचेला टेकलेलं, एका पातळीत. कॅमेऱ्याची पाठ काचेला समांतर धरली, झूम शंभर, एफ ८, जिथे डेप्थ फक्त सव्वा मिलिमीटर. पंजा पुरा शार्प. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या कंगव्याच्या दात्यांसारख्या मोजता आल्या. सहा महिने मी डेप्थ वाढवायला धडपडत होतो आणि पालीने स्वतःच स्वतःला सपाट करून दिलं.

फक्त त्याच पातळीत काचेच्या बाहेरच्या बाजूचे तेलाचे शिंतोडे, फोडणीचे डाग आणि बोटांचे ठसेही तितकेच शार्प आले. बायकोने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ती काच आतून-बाहेरून आरशासारखी केली. त्या गोष्टीला आज आठवा दिवस. पाल काही आली नाही. भाची रोज रात्री फोन करून विचारते, पट्ट्या डाव्या मागच्या पायाच्या हव्यात, त्या पहिल्या फोटोत डागाखाली गेल्यात.